नेटची वाटणी

आमच्या दुकानात वायरचे तुकडे साचतात. हातभर, वीतभर. कामाचे नसतात, पण फेकवतही नाहीत. खालच्या खणात पडून राहतात आणि कधीतरी नेमका तेवढाच तुकडा लागतो. किस्स्यांचंही तसंच आहे. कुणाच्या घरी काम करून आलो की एक तुकडा खिशात राहतोच.

मी नववीनंतर शाळा सोडली. उभं राहून धडा वाचायला सांगितला की माझा घसा बसायचा, हे एक कारण. बाकीची कारणं बऱ्याच घरांत असतात तशीच. आता उल्हासनगरला नानिक शेठच्या दुकानात आहे. लोकांची गाणी एका डब्यात भरायची, डबा घरातल्या वायफायला जोडायचा, खोल्याखोल्यांत स्पीकर बसवायचे आणि हातात रिमोट द्यायचा. बटण दाबलं की हव्या त्या खोलीत गाणं. हे सगळं बसवायला एक दिवस लागतो. "चालत नाही" म्हणून फोन मात्र वर्षभर येतात!

यंत्राशी माझं जमतं. माणसांसमोर जीभ जड होते. शेठ म्हणतात, "दिनेश, मशीन खुद नहीं बताती उसको क्या हुआ. आदमी को पूछना पडता है. और तू है की पूछताच नाही!"

*

बदलापूरच्या एका काकूंचा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. "रिमोट गेला रे. काल सकाळपर्यंत ठणठणीत होता."

गेलो. सेल बदलले. काही नाही. आणखी नवे सेल घातले. काही नाही. मग रिमोट तोंडाकडून बघितला. पुढच्या काळ्या काचेवर हळदीकुंकवाचं जाड बोट! दसऱ्याला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा झाली होती. शिलाई मशीन, मिक्सर, विळी आणि रिमोट. रिमोटचं तोंड कुठे असतं, ते काकूंनी बरोबर ओळखलं होतं.

मी रुमाल काढला, तशा काकू ओरडल्या, "अरे, पुसतोस काय! पूजेचं आहे ते!"

आता किरण, काच वगैरे समजावून कोण सांगणार? मी माझ्याच दोन्ही डोळ्यांवर हात ठेवले आणि भिंतीकडे दोन पावलं चालून दाखवलं.

काकूंनी रिमोट माझ्याकडून काढून घेतला. मग पदराने काच स्वतःच पुसली, कुंकू मागच्या झाकणावर लावलं आणि रिमोटला म्हणाल्या, "चुकलं रे बाबा. आंधळं करून ठेवलं होतं मी तुला!"

*

मोरिवलीला एमआयडीसीच्या कंपन्यांना लागून एक जुनं घर आहे. त्याच्या बरोबर मधून एक भिंत गेलेली आहे. भिंत नवी, पण प्लास्टर नाही, कारण ते कोणी करायचं यावर अडलंय. एका बाजूला थोरले बाळारामदादा, कंपनीत शिफ्टला जातात. दुसऱ्या बाजूला धाकटे काळूरामदादा, त्यांचा टेम्पो आहे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कशावरून, ते मी विचारलं नाही. मी विचारतच नाही. भांडी वाटली, अंगण वाटलं, तुळशीचीही फांदी लावून दुसरी तुळस केली. त्यांच्या आईचीसुद्धा वाटणी झाली. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत थोरल्याकडे, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत धाकट्याकडे.

ही आजी पूर्वी धवलारीण होती. म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी. चार गावांतली लग्नं तिच्या आवाजावर लागली. आता आवाज राहिला नाही. बोलली तरी पाठोपाठ खोकला येतो. पण कुठल्याशा लग्नात भरलेल्या तिच्या दोन कॅसेट बाळारामदादांकडे होत्या. त्यांनी त्या दुकानात आणल्या. मी गाणी काढून डब्यात भरली, डबा त्यांच्या घरात बसवला आणि आजीच्या खोलीत स्पीकर लावला.

आजीला दिसायचं कमी. रिमोटवर बारा बटणं. मी विचार केला आणि तिच्याच कपाटाच्या आरशावरची एक टिकली काढून गाणं लावायच्या बटणावर चिकटवली. आजीने अंगठ्याने चाचपून दाबली. तिचा तरणा आवाज खोलीत आला.

आजी ऐकत बसली. मग मला म्हणाली, "ही कोन रं? चांगली गाते."

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच डोळा मारला!

*

सुरुवातीला नेटवर्कमधले आकडे माझ्या डोक्यात शिरत नव्हते. प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, चार आकड्यांचा, एवढं पाठ होतं. शेठचा जन्म इथल्याच सिंधी निर्वासितांच्या छावणीतला. त्यांनी मला दुकानाच्या पायरीवर उभं केलं.

"मैं किधर पैदा हुआ? कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बॅरेक नंबर, खोली नंबर. चार आकडे! पहिले तीन सगळ्यांचे सेम. खोली वेगळी. बस, यही है तेरा नेटवर्क."

झटक्यात कळलं. मग मी, चक्क मी, प्रश्न विचारला. "पण दर शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाऊन आली की स्पीकर का सापडत नाहीत?"

"क्योंकि भाडे की खोली है! लाईट आली की सगळे धावत येतात. जो आधी आला त्याला राउटर पहिली खोली देतो. काल तीन नंबरमध्ये स्पीकर होता, आज तिथे टीव्ही घुसला. रिमोट बिचारा जुन्या पत्त्यावर जाऊन दरवाजा ठोकतो."

"मग काय करायचं?"

शेठनी दोन्ही हात पसरले. "अडे, स्पीकर को खोली पगडी पे दे दे! मग कोणाचा बाप हलवत नाही."

तेव्हापासून आमच्या दुकानात कायमच्या पत्त्याला पगडीच म्हणतात. एका मोठ्या कंपनीच्या इंजिनीयरसमोरही मी तेच म्हणालो. त्यांनी वहीत लिहून घेतलं!

*

फोनवरून दुरुस्ती करणं हे माझं सगळ्यात वाईट काम. अंबरनाथ पश्चिमेला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक रिटायर काका राहतात. त्यांचा फोन आला, गाणं अडकलंय. अशा वेळी गाण्यांचा डबा बंद करून चालू केला की नव्वद टक्के काम होतं. शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितलं, "मेन बॉक्स बंद करा. पाच मिनिटं थांबा. चालू करा."

काका शिस्तीचे. "बरं" म्हणाले. फोनवर चपलांचा आवाज आला, मग जिन्याचा. मला वाटलं, रेंज मिळेना म्हणून जिन्यात आले असतील. मग खट्ट असा जोरात आवाज आला आणि मागून बरीच माणसं एकदम ओरडायला लागली.

काका जिन्याखालचा, अख्ख्या बिल्डिंगचा मेन बॉक्स बंद करून घड्याळ लावून उभे होते! लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी अडकले होते. काका त्यांना बाहेरून शांतपणे सांगत होते, "पाच मिनिटं. नेटवाल्याने सांगितलंय."

शेठना कळलं तेव्हा ते कपाळ धरून बसले. "दिवसभरात दोन शब्द बोलतो. दोनों गलत!"

हसले सगळे. मीही हसलो. पण त्या रात्री झोप नाही आली. कमी बोललं की चूक कमी होते, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

*

दसरा झाला आणि मोरिवलीची आजी भिंतीपलीकडे काळूरामदादांकडे गेली. जाताना बोचकं, काठी आणि रिमोट घेऊन गेली. चार दिवसांनी बाळारामदादांचा फोन आला. "आयच्या खोलीत कोनी नाय, अन् चारच्या सुमाराला गाना लागतो. आमची ही घाबरलीय."

गेलो. सगळं ठीक होतं. रिकाम्या खोलीत बसून राहिलो. चार वाजले आणि धवला सुरू झाला.

उठून बाहेर आलो. भिंतीपलीकडच्या खिडकीत आजी बसली होती. रिमोट कानाशी धरून टिकली दाबत होती.

"मना ऐकूच येत नाय रं," ती म्हणाली. "कान गेले वाटते."

हा रिमोट किरणांचा नव्हता, वायफायचा होता. त्याला भिंत लागत नाही. घराची वाटणी झाली तेव्हा वडिलांच्या नावाचं नेट तसंच राहिलं. राउटर बाळारामदादांकडे, आणि पासवर्ड कोणी बदललाच नाही. दोन्ही घरं अजून एकाच बॅरेकमध्ये होती!

मी आत येऊन बाळारामदादांना म्हणालो, "आजी दाबतायत, तिकडून. बंद करू?"

त्यांनी रिकाम्या पलंगावरची चादर सारखी केली. "नको. आय दुपारची झोपून उठली, तेवढा तरी समजतो."

*

मग काळूरामदादांनी आजीसाठी आमच्याच दुकानातून स्पीकर नेला. तिथून गोंधळ वाढला. काळूरामदादांच्या पोरांनी मोबाईलवर हळदीची डीजे गाणी लावली, ती निघाली बाळारामदादांच्या हॉलमधल्या टीव्हीवर. ते रात्रपाळी करून झोपलेले! भिंतीवर लाटणं आपटलं गेलं. पलीकडून कुकरचं झाकण आपटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी काळूरामदादा दुकानात आले. "नेटची वाटणी करून टाक. त्याचा त्याला, माझा मला. सगल्याची झाली, ह्याच राहिलाय."

मी हळूच म्हणालो, "पण आजीची गाणी त्यांच्या डब्यात आहेत."

फोन लावला. बाळारामदादा म्हणाले, "कर वाटणी. पण डबा माझा, कॅसेटी माझ्या. कॉपी देनार नाय. आय पाडव्याला हिकडं आली की ऐकेल."

पाडव्याला पाच महिने होते. गाणी बंद होणार हे कळल्यापासून आजी नीट दोन घास जेवत नव्हती. आमच्याकडेही गाणी नव्हती. गिऱ्हाइकाची गाणी काम झालं की पुसायची, हा शेठचा नियम.

"शेठ, तुम्ही बोला ना त्यांच्याशी," मी म्हणालो.

शेठनी बॅग माझ्या हातात दिली. "वायर कापायला मी जातो का? बोलायला पण तूच जा."

*

मी राउटरसमोर बाळारामदादांच्या ओटीवर बसलो. काळूरामदादा भिंतीपलीकडे, स्वतःच्या दारात खुर्ची टाकून. खुर्चीशेजारी आजी, हातात रिमोट. दोघं भाऊ एकमेकांना ऐकू येईल अशा आवाजात माझ्याशी बोलत होते.

"त्याला सांग, पासवर्ड लांबलचक ठेव."

"त्याला सांग, मना त्याचा पासवर्ड नकोच हाय."

"त्याला सांग, पोरांना आवर म्हणावं."

मी कुणालाच काही सांगत नव्हतो. दोन नेटवर्क केली. पोरांचे मोबाईल आणि टीव्ही आपापल्या बाजूला टाकले. मग यादीत एक यंत्र उरलं. आजीचा रिमोट. तो एका वेळी एकाच नेटवर्कमध्ये राहू शकतो.

 वर्गात धडा वाचायला उभा राहायचो, तसा मी उठून मधल्या भिंतीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. तिथून दोन्ही दारं दिसतात.

"आजीचा रिमोट कुणाच्या वाटणीत टाकू?"

मी खरंच विचारत होतो. मला माहीत नव्हतं.

"माझ्या," काळूरामदादा म्हणाले. "आय हिथं हाय."

"माझ्या," बाळारामदादा म्हणाले. "गानी हिथं हायेत."

"बाळारामदादांच्यात टाकला," मी म्हणालो, "तर आजींना गाणी लागतील, पण ऐकू येणार नाहीत. काळूरामदादांच्यात टाकला तर लावायला गाणीच नाहीत. दोन वाटण्यांत आजी बसत नाहीत. तीन कराव्या लागतील. तिसरी आजींची. डबा जागचा हलणार नाही, बाळारामदादांकडेच राहील. पण तो डबा, दोन्हीकडचे आजींच्या खोलीतले स्पीकर आणि हा रिमोट एका नेटवर्कमध्ये. कायमचे. पगडीने."

एवढं मी आयुष्यात एका दमात बोललो नव्हतो. दोघा भावांच्या आधी आजी म्हणाली, "मना कोनी इचारलाच नव्हता. कर रं बाला."

मी तिसरं नेटवर्क केलं. नाव टाकलं, आय. आजीने टिकली चाचपली आणि दाबली.

भिंतीच्या दोन्ही बाजूंनी धवला सुरू झाला. पण जुळेना. बाळारामदादांकडचा स्पीकर वायरवर, काळूरामदादांकडचा वायफायवर. एक ओळ पुढे जायची आणि तीच मागून, श्वासाभराने, दुसरीकडून यायची. मी घाईने लॅपटॉप उघडला. "दोन मिनिटं. मागेपुढे होतंय, एक करतो."

"नको," आजी म्हणाली. "आमी दोगीच गायचो. एक पुढं म्हनायची, एक मागं झेलायची."

मी लॅपटॉप मिटला. पलीकडची ओळ जरा बारीक येत होती. बाळारामदादा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, त्याला सांग.

"काळ्या," ते म्हणाले, "तुझ्याकडचा आवाज जरा वाढव."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"किती, दादा?"