गोफण फिरली की बसायचं

आधीच सांगून ठेवते, अशा गोष्टी वाचून फिदीफिदी हसणाऱ्यांतली मी. चांदूर बाजारच्या फाट्यावर कुणीतरी उतरवून टाकलेला नारळ मी शाळेत असताना फोडून खाल्लाय, आणि पचवलाय. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही. पण घडलं ते घडलं... आणि तेही दिवसाढवळ्या.

आमचं गाव चांदूर बाजारजवळचं. बाबा ज्वारी पेरायचे. कणसात दाणा भरला की पाखरांचे थवे उतरायचे, मग बाबा मचाणावर उभे राहून गोफण फिरवायचे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते – दोरीला विणलेली छोटी झोळी, त्यात वाळलेल्या मातीचा गोळा ठेवायचा, डोक्यावर गरगर फिरवून एक टोक सोडायचं. फट्ट! सगळं वावर दणाणायचं.

ज्वारी माणसाहून उंच. आम्ही पोट्टे आत हुंदडत असलो की मचाणावरून दिसायचो नाही. म्हणून बाबांचा एकच नियम होता. ते आधी ओरडायचे, "बसा रे पोट्टेहो!" मी एकटी असले तर, "बस वं!" ऐकू आलं की जिथं असाल तिथं बूड टेकवायचं, खाली काटे असोत की चिखल, आणि "बसली!" म्हणून ओरडून सांगायचं. मगच गोळा सुटायचा. एकदा मी उगाच गंमत म्हणून बसले नाही, तर बाबांनी मचाणावरून उतरून असा धपाटा घातला की बास. त्यानंतर तो नियम अंगातच मुरला.

पुढं ती ज्वारीच गेली. पेपर उघडला की वऱ्हाडातल्या शेतीच्या वाईट बातम्या, असे दिवस होते ते. गावभर सोयाबीन नाहीतर कपाशी, आणि गोफण खुंटीला. त्यातच बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दादानं त्यांना अकोल्याला आपल्या घरी नेलं. डॉक्टर म्हणाले, बोलतील कदाचित, वाट पाहा. मी पुण्याहून फोन करायची, वैनी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावायची. मी इकडून वाट्टेल ते बडबडायची, आणि तिकडून नुसता श्वास. बाबांनी काहीतरी बोलावं, शिवी का होईना, पण बोलावं... दुसरं काही मागतच नव्हते मी देवाकडं.

मग कंपनीनं कामासाठी अमेरिकेला पाठवलं. तिथं पातूरची शबाना होती, अमरावतीच्या हॉस्टेलमधली माझी रूममेट. परतायच्या आधी पाठीवर सॅक टाकून अँडीज पर्वतात भटकायचं, इंका लोकांचे जुने अवशेष पाहायचे, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. माझा पाय निघेना. दादाला विचारलं तर म्हणाला, "जा ना वं. बाबाजवळ मी आहो. तू इथं येऊन काय त्याइले गाणं म्हणून दाखवतं?"

गेलो. पेरू देश. (फळावरचे सगळे विनोद घरच्यांनी करून झालेत, तुम्ही कष्ट घेऊ नका.)

पिसाक नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या डोंगरावर इंकांनी दगडी बांध घालून जिन्यासारखी शेतं केली आहेत, पार माथ्यापर्यंत. आम्ही सकाळीच पायी चढायला लागलो. शबानाला धाप लागली होती, पण तोंड सुरूच.

"माय वं! पातूरच्या लेण्या घरापाशी, त्या मी शाळेच्या सहलीत पाह्यल्या तेवढ्याच. अन् इथं जीव जाऊन राहिला गोटे पाहाले!"

गावातून मका भाजल्याचा वास येत होता. अगदी हुरड्याची आठवण व्हावी असा. बांधावर कमरेएवढं गवत वाऱ्यानं सळसळत होतं, आणि एकदम बाबा आठवले. हे सगळं त्यांना दाखवायला हवं होतं. दगडावर दगड कसा बसवलाय ते त्यांनी हात लावून पाहिलं असतं.

तेवढ्यात धुकं उतरलं. बघता बघता पांढरंफटक. शबाना मागं बुटाची लेस बांधत बसली होती. मी आपली एक हात दगडी भिंतीला लावून पुढं निघाले. शहाणपण उतू जात होतं ना!

आणि वरून आवाज आला, "बस वं!"

मी बसले. विचार बिचार काही नाही – पाठीवरच्या सॅकसकट मटकन चिखलात बसले आणि ओरडले, "बसली!" लगेच डोक्यावरून... फट्ट!

शबाना चाचपडत माझ्यापाशी आली तेव्हा धुकं विरळ होत होतं. माझे पाय पुढं पसरलेले होते आणि टाचांच्या पुढं वाट नव्हती. बांध ढासळलेला. खाली, खूप खाली, दोरीएवढी नदी.

शबानानं मला बखोट धरून मागं ओढलं. "या अल्ला... तू कोणाले बोलली वं? बसली म्हणून?"

"तुले ऐकू नाही आलं?"

"फट्ट झालं ते आलं. बोललं तं कोणीच नाही."

आता तुम्ही म्हणाल, तिकडंही गोफण असते. असते ना! मेंढरं वळायला तिकडचे लोक वापरतात, खालच्या बाजारात बाया लोकरीच्या गोफणी विकत बसल्या होत्या. तेव्हा आवाज एखाद्या मेंढपाळाचा, हे मी मान्य करते. अवशेषांच्या राखणदारानं या अंगाला मेंढरं येऊच देत नाही असं सांगितलं, तरीही करते. पण पेरूतला मेंढपाळ वऱ्हाडीत कशाला ओरडेल?

त्या संध्याकाळी फोनच्या दुकानातून अकोल्याला फोन लावला. तिकडं उजाडलं होतं. दादानं उचलला आणि मी 'हॅलो' म्हणायच्या आत रडायलाच लागला.

"बाबा बोलले वं! काल दिवेलागणीले!"

पेरूतली सकाळ म्हणजे आपली दिवेलागण. मी भिंतीला टेकले. "काय बोलले?"

वैनीनं फोन ओढून घेतला. "मी चहा घेऊन आली, तं डावा हात वर करून एवढ्या जोरानं वरडले, बस वं! मले वाटलं मलेच म्हणून राहिले. मी कपबशीसकट खालीच बसली! पण त्याइचं ध्यान माह्याकडं नव्हतंच. कान देऊन काहीतरी ऐकून राहिले होते. मंग हसले, अन् मान टेकवली."

रिसीव्हर माझ्या कानालाच चिकटून राहिला. शबानानं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि जागेवर ठेवला.

डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून एखादा शब्द निघतो कधी कधी. निघत असेल. बाबा त्यानंतर पुन्हा बोलले नाहीत, शेवटपर्यंत नाही.

मी परत आले ती पिसाकच्या बाजारातली लोकरीची गोफण घेऊनच. अकोल्याला बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती डाव्या हातानं चाचपली, वीण ओढून पाहिली, बरोबर टोकाचा फास शोधून बोटात अडकवला. मग हात हळूहळू डोक्यावर नेला आणि आमच्याकडं पाहिलं. ओठ हलले, आवाज नाही.

दादा, वैनी, मी – तिघंही भराभर फरशीवर बसलो.

"बसली, बाबा," मी म्हणाले. बाबा खळखळून हसले.

ते कसं घडलं, हे मला आजही माहीत नाही. तुम्हाला कळलं तर जरूर सांगा. फक्त ते बाबा नव्हते, असं सांगू नका.