मालकाचं नाव

संध्याकाळी पोस्टमनची पिशवी रिकामी होते, असं लोकांना वाटतं. पत्रं जातात, पैसे जातात, हे खरं आहे. पण दारोदारी जे ऐकलं ते पिशवीच्या तळाशी साचत राहतं, आणि नोकरी संपली तरी ते कुणी परत मागायला येत नाही! माझ्याकडे असं बरंच साचलंय. त्यातले लढाईच्या दिवसांतले किस्से मी फारसे काढत नाही. आज तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

दुसरी मोठी लढाई चालू होती. आसेगावच्या पुढचं एक लहानसं गाव माझ्या बिटात होतं. तिथली चार-पाच पोरं पलटणीत गेलेली. त्यांच्या पगारातला हिस्सा दर महिन्याला मनिऑर्डरीनं थेट घरी यायचा, तोही आईच्या नाहीतर बायकोच्या नावावर. मजुरीची चिल्लर ज्यांच्या मुठीत घरापर्यंत टिकत नव्हती, त्या बायांच्या हातात मी कोरी नोट ठेवायचो. शाळेच्या ओसरीवर बसायचो, शेजारी साक्षीला गुरुजी, समोर अंगठ्याची शाई.

* * *

पहिल्याच महिन्यात म्हातारी कासाबाई आली. तिचा एकुलता एक दगडू पलटणीत. अंगठा द्यायला सांगितलं तर तिनं हात पदराखाली घेतला. म्हणाली, आधी एक सांगा.

"पोरगा सोताच्या पोटातून काढून तं नाई ना पाठून राह्यला?"

मी म्हटलं, नाही माय, पलटणीत जेवण सरकारी असतं. तिचा विश्वास बसेना. समोर मोजून ठेवलेल्या पैशांतले अर्धे माझ्याकडे सरकवले आणि हे त्याला परत नेऊन द्या म्हणून हटून बसली. मनिऑर्डर उलटी जात नाही, हे समजावताना गुरुजींना घाम फुटला.

पुढे दर महिन्याला अंगठा देण्याआधी ती एकच विचारायची, "जेवला का तो?" मी "जेवला" म्हणायचो. मला काय ठाऊक! पण त्याशिवाय तिचा अंगठा उठायचा नाही.

* * *

आता माझी चूक सांगतो. त्या गावात सरजा नावाच्या दोन बाया होत्या. हे मला माहीत नव्हतं. एकदा गुरुजी परगावी गेलेले, आणि सरजाबाईच्या नावाची पहिलीच मनिऑर्डर आली. हाक मारली तर एक बाई पुढे आली. मी विचारलं, "मालकाचं नाव काय?"

आता आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेते का? नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही त्या बायांची पक्की समजूत. तिनं पदर सारखा केला आणि खाली बघितलं. मी म्हटलं, नोकरीवर गेलाय ना? तिनं मान हलवली. मी पैसे दिले.

ती दुसरी सरजा होती! तिचा नवरा अकोल्याला मिलमध्ये गेलेला, दोन वर्षांत त्याची चिठ्ठी नव्हती की निरोप नव्हता. आठ दिवसांनी मी पैसे परत मागायला तिच्या दारात उभा राहिलो, तेव्हा तिच्या हातात नव्या बांगड्या होत्या. उरलेले पैसे तिनं मुकाट्यानं आणून दिले. मग म्हणाली, "मले वाटलं, त्याईले माही याद आली."

बांगड्यांचे पैसे मी माझ्या पगारातून भरले. पैशांचं काही वाटलं नाही. त्या वाक्याचं मात्र अजून वाटतं.

* * *

त्या दिवसापासून आमच्या पोस्टमास्तरांनी हुकूम काढला. ओळखीवर जायचं नाही, ज्याच्या पगारातून पैसे आले त्याचं नाव साक्षीदारासमोर उच्चारलं गेलंच पाहिजे. मी बसल्या बसल्या प्रत्येकीला विचारू लागलो, "मालकाचं नाव?" आणि ओसरीवर गंमत सुरू झाली.

आईला अडचण नव्हती. कासाबाई तर "दगड्या मुडदा!" म्हणून साऱ्या गावाला ऐकू जाईल असं सांगायची. बायकांचे मात्र हाल. एकीनं तीन वर्षांचं पोरगं आणलं आणि पुढे ढकललं. "सांग, तुह्या बापाचं नाव सांग." पोरगं माझ्या खाकी कोटाकडे बघून म्हणालं, "बाबा." गुरुजींनी ते लिहून घेतलं नाही.

* * *

खरी अडचण झाली पहिल्या सरजेची, जिची मनिऑर्डर मी चुकवली होती. तिची पोर वर्षाची, नाव सांगायच्या वयाची नाही. अंगावरचं दूध आटलेलं. पोर इतकी वाळलेली की कडेवर आहे की नाही कळायचं नाही. सरजेला एक शेळी हवी होती. तेवढंच तिचं मागणं.

पण नाव सांगायला यायचा सासरा, तुकारामबुवा. तो ऐटीत म्हणायचा, "किसन तुकाराम," आणि हात पसरायचा. सरजेच्या अंगठ्याची शाई वाळायच्या आत नोट त्याच्या बंडीत! बंडी नवी, धोतर नवं. पुढच्या महिन्यात पायात करकर वाजणारा जोडा आला. मी एकदा म्हटलं, बुवा, पैसे सुनेच्या नावावर आहेत. तो म्हणाला, "नाव कोनं सांगतलं? तिनं का म्या?"

हुकूम पोस्टमास्तरांचा, पण त्याला कारण झालेली चूक माझी. पोरीकडे बघायची मला लाज वाटायची.

* * *

हे सगळं हाजराबी बघत होती. ती पिंजाऱ्याच्या घरची, पन्नाशीची, तिचाही मुलगा पलटणीत गाडी चालवायचा. एका महिन्याला बुवानं तोंड उघडण्याआधी ती पुढे आली आणि गुरुजींना विचारलं, "नाव कोनंबी सांगतलं तं चालते ना? मंग लिवा, किसन तुकाराम."

बुवा खवळला. आमच्या घरात तू कोण, म्हणाला. हाजराबीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "मी फक्त नाव घेतलं, बुवा. पैसे तिचेच हायेत."

मी नोट सरजेच्या हातात दिली. तिनं ती पदराच्या गाठीत बांधली.

दोन महिन्यांत शेळी आली. बुवानं आधी सुनेशी बोलणं टाकलं, पण शेळीच्या दुधाचा चहा काही टाकला नाही! पोर हळूहळू भरली, चालू लागली. आणि ज्या सुनेला तो "ए" म्हणून हाक मारायचा, तिला एक दिवस मी त्याच्या तोंडून "सरजाबाई" असं ऐकलं. गुरुजींनी माझ्याकडे बघून चष्मा पुसला.

मग दर महिन्याला हाच रिवाज झाला. मी विचारायचो, "मालकाचं नाव?" हाजराबी सांगायची, "किसन तुकाराम." सरजा पदर तोंडाशी धरून हसायची आणि अंगठा द्यायची. दीड वर्ष असं चाललं.

* * *

कापूस वेचणीचे दिवस होते. त्या सकाळी पोस्टमास्तरांनी सरजेची मनिऑर्डर हातात घेतली आणि ती मला देईनात. कागद वेगळा होता. खालच्या तुकड्यावर इंग्रजीत लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, ही पगारातली रक्कम नाही, विधवेची पेन्शन आहे. आधी यायला हवं होतं ते पत्र अजून आलेलं नव्हतं.

वाटभर मी ठरवत गेलो. सांगायचं नाही. सांगणं माझं काम नाही. पैसे द्यायचे आणि निघायचं.

बाया थेट वावरातून आल्या होत्या, केसांना कापूस चिकटलेला. कासाबाईनं विचारलं, "जेवला का तो?" मी म्हटलं, "जेवला." हाजराबीचे पैसे झाले. मग सरजा पुढे आली. पोर तिचं लुगडं धरून उभी होती. मी कागद ठेवला, शाईची डबी पुढे सरकवली आणि नोटा काढायला खाली वाकलो.

मी वर बघितलं, तर सरजा माझ्याकडेच बघत होती.

"भाऊ, आज नाव नाई इचारलं?"

हाजराबीनं लगेच तोंड उघडलं. सरजेनं तिचं मनगट धरून तिला थांबवलं. मग पदर डोक्यावर नीट घेतला आणि गुरुजींकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती म्हणाली,

"किसन तुकाराम."