तिसऱ्या नाकावरचं कुंकू

सकाळचे सहा चाळीस. बडनेऱ्याजवळच्या सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये प्रियदर्शनी तायडे सगळ्यात वरच्या मजल्यावर गुडघे टेकून बसली होती. जमिनीलगत बसवलेल्या गॅस सेन्सरवर तिने रबरी टोपी दाबली, चाचणीच्या गॅसच्या लहान बाटलीचा नॉब फिरवला आणि वॉकीटॉकीवर कंट्रोल रूमला विचारलं, "चढला का आकडा?"

"चढला, ताई. भोंगा बी वाजला."

दुसऱ्या सेन्सरनेही तसंच उत्तर दिलं. आता खालचे दोन राहिले होते.

या प्लांटमध्ये सोयाबीनमधलं तेल हेक्झेनने काढतात. पेट्रोलचा हा सख्खा भाऊ. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. गळती झाली की ती वर उडून जात नाही, नाल्यांत आणि खड्ड्यांत साचते, आणि मग एक ठिणगी पुरते. वासावर विसंबता येत नाही, कारण वास इथे बारा महिने असतो आणि नवा माणूसही आठवडाभरात त्याला सरावतो. म्हणून चार सेन्सर. कामगार त्यांना नाकं म्हणतात. वाफ ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की ही नाकं भोंगा वाजवतात आणि प्लांट आपोआप बंद पाडतात.

नाकं जागी ठेवणं हे प्रियदर्शनीचं काम. ती भातकुली तालुक्यातली. अकोल्याला इन्स्ट्रुमेंटेशन शिकली आणि सहा वर्षांपासून इथे आहे. "तू तिथं बनवतं काय?" असं आई, केशरबाई, अजूनही विचारतात. "आमचं काम दिसत नाही, आई. दिसलं तर पेपरात येते," एवढंच ती सांगते.

दसऱ्यासाठी प्लांट तीन दिवस बंद होता. दरवर्षीप्रमाणे ती आईवडिलांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. त्याच दिवसांत इकडे यंत्रांची पूजा झाली. आज सोयाबीनचे ट्रक गेटबाहेर लागले होते, आणि प्लांट सुरू करण्याआधी खालच्या पंपाजवळ पाइपाचा तुटलेला आधार वेल्डिंगने जोडायचा होता.

ती जिना उतरली तेव्हा शिफ्टचे मॅनेजर शेखर देशमुख पायथ्याशीच उभे होते.

"तायडे मॅडम, श्यामले वेल्डिंग सुरू करायले सांगतो."

"खालचे दोन राहिले, सर. वीस मिनिटं द्या."

"वीस मिनिटांत तो काम करून चहा बी पिऊन येते. वरचे दोन ठीक, स्क्रीनवर चारही शून्य. अजून काय पाहिजे?"

ती वाद घालत बसली नाही. पंपाकडे निघाली. चालता चालता एक गोष्ट मात्र तिला खटकली. पंपाजवळचा हा तिसरा सेन्सर प्लांट बंद असतानाही कधी शून्यावर स्थिर नसायचा, एक-दोनाच्या आसपास हलत राहायचा. आज तो शून्यावर चिकटला होता.

तिने टोपी दाबली, नॉब फिरवला.

"चढला?"

"नाही, ताई. शून्यच."

तिने पुन्हा दाबली. शून्यच. टोपी काढून ती वाकली. सेन्सरच्या तोंडाला धातूची बारीक जाळी असते, रुपयाच्या नाण्याएवढी. त्या जाळीवर बरोबर मधोमध कुंकवाचं जाड बोट उमटलं होतं. तिने नखाने खरवडलं. कुंकू गळून पडलं नाही, पसरलं. तेलकट होतं.

तिने मान वर केली. चार पावलांवर वेल्डर श्याम गवई उभा होता. चेहऱ्यावर काच ओढलेली, होल्डरमध्ये रॉड लावलेला, हात पुढे निघालेला.

"श्यामभाऊ, हात आहे तिथंच ठेवा."

"काहून?"

"होल्डर खाली ठेवू नका. लोखंडाले टेकवू नका. करंट चालू आहे."

श्यामचा हात अधांतरी थांबला.

"सर," मागोमाग आलेल्या शेखररावांना ती आवाज न चढवता म्हणाली, "वेल्डिंगचा मेन बाहेरून पाडा. इथला कोणताच खटका नको."

"अहो, स्क्रीनवर शून्य..."

"याचं नाक बंद आहे, सर."

शेखररावांनी श्यामच्या हाताकडे पाहिलं आणि ते बाहेर धावले.

"ताई," श्याम काचेआडून म्हणाला, "गाल खाजून राहिला."

"खाजू द्या."

"तुमचं काय जाते."

रॉडचं टोक किंचित हलत होतं. पंपाचा लोखंडी पाया त्याच्यापासून वीतभर दूर. प्रियदर्शनीची नजर त्या टोकावरून हलली नाही. मग दाराबाहेरच्या वेल्डिंग मशीनची गुणगुण थांबली. श्यामने होल्डर हळूच दोरीच्या भेंडोळ्यावर ठेवला, काच वर केली आणि आधी गाल खाजवला.

तिने कमरेचं गॅस मोजायचं मीटर दोरीला बांधून पंपाखालच्या नाल्यात सोडलं. ते तोंडाशीच ओरडायला लागलं. तळाशी पोचल्यावर आकडा त्याच्या मापाबाहेर गेला. पंपाच्या दांड्याभोवतीची, गळती रोखणारी ग्लँड सुट्टीभर ठिबकत होती आणि सगळं हेक्झेन नाल्यात उतरलं होतं. दोन मिनिटांत सगळे गेटपाशी आले, मोबाइल बंद करून.

तिथे फिटर उत्तमराव काळे तिच्याजवळ आले. निवृत्तीला आलेला माणूस. पूजा दरवर्षी त्यांच्याच हातची.

"कुंकू म्या लावलं," ते म्हणाले. "पाण्यातलं वाळून गळते, म्हणून तेलात कालवतो. वर्षभर हालत नाही."

"वरच्या मजल्यावर नाही लावलं, काका?"

"गुडघे कुठं चढू देतात."

वरची दोन नाकं का शाबूत राहिली, ते तिला कळलं. चौथ्यावरही कुंकू असणार. होतंच.

"पूजा करा, काका. यंत्राच्या अंगाले लावा. जाळीले नको."

"जाळी कोणती अन् नाक कोणतं, मले कोणं सांगितलं? गेल्या दसऱ्याले तिथं काही नव्हतं. मले तं नवी डबी दिसली."

ते खरं होतं. तिसरा आणि चौथा सेन्सर तिनेच उन्हाळ्यात भिंतीवरून खाली, हाताच्या टप्प्यात आणले होते. कंट्रोल रूमला कळवलं होतं. फिटरांना नाही. तिने मान डोलावली आणि त्यांना घेऊन गेटच्या कडेला गेली. डबीचं तोंड कुठे असतं, हवा कुठून आत जाते, तेल लागलं की काय होतं, ते पिशवीतल्या सुट्या जुन्या सेन्सरवर दाखवलं. श्यामही येऊन उभा राहिला. शेखरराव फोनसाठी रस्त्यापलीकडे गेले होते. ट्रकवाल्यांना आज माल उतरणार नाही असं सांगत होते, आणि मालकांना त्यामागचं कारण.

दुपारपर्यंत नाला धुवून निघाला, ग्लँड बदलली. अकोल्याहून दोन नवे सेन्सर संध्याकाळी आले.

ते उद्या सकाळी साडेसहाला बसतील. दोन्हींवर चाचणीचा गॅस सोडून भोंगा वाजेपर्यंत वेल्डिंगच्या सॉकेटला वीज मिळणार नाही. त्या सॉकेटच्या मेनला आता कुलूप आहे, आणि किल्ली प्रियदर्शनीकडे.