मराकेश ते फेस, आणि भलत्याच तोंडात गेलेला घास

आम्ही दोघं मोरोक्कोला जाणार हे मी सगळ्यांना फोन करकरून सांगितलं होतं. तरी परवा तिघांनी विचारलं, "चाची, इतके दिवस होतीस कुठं?" वय माझं झालंय आणि विसरता तुम्ही. म्हणून आता सुनेला समोर बसवलंय... मी बोलतेय, ती लिहितेय. मला अक्षर येत नाही, पण तिनं मधे काही गाळलं तर तिच्या तोंडावरून कळतं.

तर आमचे हे. कुवेतला अल-राई भागातल्या एका गोदामाची गाडी चालवण्यात जन्म गेला. यंदा डोळ्यांच्या टेस्टमध्ये नापास झाले आणि लायसन गेलं. डॉक्टर म्हणाला मोतीबिंदू आहे, साधं ऑपरेशन आहे. हे म्हणाले, "मला सगळं दिसतं, मशीन खराब आहे."

त्या दिवसापासून माणूस मुका झाला. जेवायला बोलवा, मान हलणार. नातवंडं इंग्लिशमध्ये काही विचारतात, तेव्हाही मानच. मुलगा तिकडं मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत आहे, त्याला बापाचं हे बघवेना. त्यानं आम्हाला फिरायला पाठवलं... म्हणाला, अब्बा जरा खुलतील.

कसले खुलतात! मराकेशहून फेसला गाडीनं निघालो. सकाळी लाल भिंतींचं शहर मागं पडलं, ते दिवसभर रस्ता आणि रस्ताच. माझे गुडघे आखडले, कंबर धरली... आणि शेजारी हे, खिडकीला टेकून, पोत्यासारखे.

आमच्या संसारात हे मागच्या सीटवर कधी बसलेच नव्हते. ड्रायव्हर इद्रिस, भला माणूस, पण त्यानं वळण घेतलं की ह्यांचा पाय खाली ब्रेक दाबायचा. मी म्हटलं, "अहो, मोरोक्कोची जमीन आहे, भोक पडेल." हसले नाहीत.

दुपारी डोंगरात देवदाराचं जंगल लागलं. रस्त्याच्या कडेला माकडं... एक तर पिल्लू पोटाशी धरून अगदी माझ्या काचेजवळ बसलेलं. मी म्हटलं, "बघा, बघा!" हे म्हणाले, "बघितलं." आणि बघत होते दुसऱ्या बाजूला, दगडांकडं.

मला वाटायचं हा रुसवा आहे, लायसनचा. हाताच्या अंतरावरचं माकड ह्यांना दिसत नाही, हे मला त्या जंगलात कळलं. थकवा तर होताच... त्यानंतर तो हाडात शिरला.

पुढं डुलकी लागली मला. तुम्हाला ठाऊक आहे, आम्ही पोरांना घेऊन कुवेतहून मक्केला, उमऱ्याला गाडीनंच जायचो. सौदीचं वाळवंट, सरळ रस्ता, चालवणाऱ्याला झोप येते. म्हणून मी मांडीवर डबा घेऊन बसायचे आणि ह्यांना घास भरवत राहायचे. हे रस्त्यावरची नजर न काढता तोंड उघडायचे... बायकोचं तेच काम असतं गाडीत.

तर डोळा उघडला, अर्धाच. समोर स्टिअरिंग, पाठमोरा माणूस, आणि त्यानं दिली जांभई. हॉटेलातली उकडलेली अंडी मी रुमालात बांधून आणली होतीच. हातानं आपोआप तिथल्या जाड रोटीचा तुकडा मोडला, वर अंडं ठेवलं... आणि दोन सीटमधून हात घालून सरळ इद्रिसच्या तोंडाशी नेला. वर म्हटलं, "आ करा."

बिचारा दचकला. गाडी जराशी हलली. मग आरशात मला बघितलं, "बिस्मिल्ला, हज्जा" म्हणाला, तिकडं म्हाताऱ्या बाईला मानानं असंच म्हणतात, आणि खाल्ला घास!

शेजारून आवाज आला. आधी मला वाटलं ठसका लागला. बघते तर हे हसतायत... पोट धरून, डोळ्यांतून पाणी. किती महिन्यांनी!

"अगो, मी इथं आहे, इथं! तुला पण डोळे दाखवायला नेऊ काय?"

मी तो शब्द खाली पडू दिला नाही. "न्या की. चला, दोघं जाऊ. आधी तुमचे, मग माझे."

हसू थांबलं. मला वाटलं, संपलं, आता परत खिडकी. पण हळूच विचारलं त्यांनी, "दुखतं काय गो?"

बघा... एवढंच होतं. मशीन खराब नव्हतं, रुसवा नव्हता. माणूस घाबरला होता, आणि तेवढं बोलायला त्याला दुसऱ्या खंडात न्यावं लागलं.

मी म्हटलं, "चार पोरं काढली मी, आणि दुखतं काय ते मला विचारता? सुन्न करतात म्हणे. मी बाहेर बसेन. ओरडलात तर आपल्या सगळ्या सबाह अल-सालेम मोहल्ल्यात सांगेन."

"सांगशीलच तू," म्हणाले. आणि माझ्या रुमालातलं उरलेलं अंडं मागून घेतलं.

फेसला पोचलो तेव्हा इतके दमलो होतो की त्या एवढ्या जुन्या शहराचा मला फक्त दरवाजा आठवतो आणि उशी. फोटो विचारू नका. लोक एवढी शहरं बघून येतात... मी नवऱ्याला बघून आले, अल्लाचा शुकर.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. भेटायला येणाऱ्यांनी फुलं आणू नयेत, ती शिजत नाहीत. सांदणं पाठवा, मऊ, ताज्या नारळाची. ह्यांना शुगर आहे, तेव्हा ह्यांची बिनगुळाची... आणि गुळाची वेगळ्या डब्यात, त्यावर माझं नाव घाला. मला वाचता येत नसलं तरी डबा ओळखेन.