बेल्जियमच्या हॉटेलातली संकष्टी

काही घरांत लोणची साठतात, आमच्या घरात किस्से साठतात. आम्ही एकदा हॉटेलात जाऊन आलो की चार महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर तेच! आमच्या काष्टी गावातल्या निम्म्या बायकांचा हा किस्सा ऐकून झालाय. आता तुम्ही ऐका.

*

माझा पन्नासावा वाढदिवस होता. आमची पल्लवी नगरला नोकरीला लागली, तो तिचा पहिला पगार. फोनवर म्हणाली, "मम्मी, इथं बेल्जियन रेस्टॉरंट निघालंय. टेबल बुक केलंय. नाही म्हणू नकोस!"

मी म्हटलं, "येते. पण आई आल्या तरच."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण आम्ही दोघी कधी एका वेळी जेवायला बसलो नाही. त्या बसल्या की मी वाढायची, मी बसले की त्या वाढायच्या. भांडण नाही, काही नाही, सवयच तशी. मला एकदा त्यांच्या शेजारी बसून गरम गरम जेवायचं होतं. वाढदिवसाला दुसरं काही नको होतं.

*

हो-नाही करत आई तयार झाल्या. आदल्या दिवशी मी कॅलेंडर बघितलं आणि मटकन खाली बसले. संकष्टी! आम्हा दोघींचाही उपवास.

पल्लवी फोनवर रडायच्या बेताला आली. आमचे हे म्हणाले, "देवाला सांगू, बेल्जियममध्ये आज पंचमी आहे."

आई म्हणाल्या, "गप ऱ्हा, दत्तू. पोरीनं हौसेनं बोलावलंय. मी येते. नुसती बसंन."

नुसती बसंन! म्हणजे शेजारी बसून जेवायचं राहिलंच.

*

हॉटेलचा मालक महेश, मूळचा जामखेडचा. बेल्जियमला बरीच वर्षं स्वयंपाकी होता. तो स्वतः वही-पेन घेऊन आला आणि सगळ्यांत आधी आईंसमोर वाकला.

"आजी, काय खाणार?"

आई माझ्याकडे वळल्या. "सुमन, आगं ह्यो मला इचारतोय!"

"हो आई. सांगा ना."

"काय सांगू? आजवर कुनी इचारलंच न्हाई."

ह्यांनी मेन्यूकार्डात तोंड घातलं, ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.

*

शेवटी पल्लवीनं उपवासाचं सांगून टाकलं. महेश हसायलाच लागला. "अहो, मग काळजीच नको! बेल्जियमची शान म्हणजे तळलेला बटाटा. तिकडे गल्लोगल्ली गाड्या असतात. शेंगदाण्याच्या तेलात, स्वच्छ कढईत तळून देतो."

आई चकित! "म्हंजे तिकडं समद्यांनाच उपास आसतो व्हय?"

*

तेवढ्यावर भागलं नाही. आईंनी पिशवीतून डबा काढला. "ह्यात उपासाची भाजनी हाय. तुझ्याकडं तवा आसंल तर दोन थालीपिठं लाव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॉटेलात घरचं पीठ! पण महेशनं डबा दोन्ही हातांनी घेतला. दहा मिनिटांनी थालीपिठाऐवजी तिकडचं वॉफल आलं, भाजणीचं! चौकोनी घरं पडलेलं, कडेनं खरपूस, आणि प्रत्येक घरात तूप. "साचा नवा कोरा आहे आजी, अंड्याचं त्यात काही केलेलं नाही," तो म्हणाला.

आईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं. "ही घरं कशाला पाडली रं?"

"तूप वाहून जाऊ नये म्हणून."

"शानी मानसं हायेत!"

ह्यांच्यापुढे चॉकलेटचं वॉफल होतं, पण नजर सारखी आमच्या ताटात.

*

मी पहिला घास घेणार, तर आई उठल्या! बटाट्याची बशी उचलून ह्यांना वाढायला निघाल्या. महेश धावत आला.

"आजी, बसा. वाढायचं काम माझं."

"मग मी काय करू?"

"जेवा."

आई बसल्या. माझ्या शेजारी. त्यांनी वॉफलचा तुकडा मोडला आणि आधी माझ्या ताटात ठेवला. आम्ही दोघी जेवलो. गरम गरम. त्या चवीचं मला नीटसं सांगता येणार नाही, डोळे भरून आले होते.

महेशचे आभार मानायला गेले, तर तो म्हणतो, "काकू, भाजणीचं प्रमाण तेवढं लिहून द्या!"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिठलं-भाकरी केली आणि नेहमीसारखी आईंना वाढायला उभी राहिले. आईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. दोन ताटं शेजारी शेजारी मांडली आणि हाक मारली, "दत्तू! वाढ आमाला."

ज्यांनी जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, ते आमचे हे उठले. पळी शोधली. पिठल्याची कढई उचलून आईंच्या ताटाशी आले.

आईंनी ताटावर हात आडवा धरला.

"आंहां. आधी इचार, काय खानार?"

"आई, अगं केलंय तर पिठलंच!"

"आसू दे. तू इचार."