खंडेनवमीला पेटलेली भट्टी
लेकीने नखांचा रंग पुसायला ॲसिटोनची बाटली उघडली आणि त्या वासासरशी सांगलीची भट्टी आठवली. संशोधनासाठी मला ॲल्युमिनियम, तांबं आणि लोखंडाचा एक मिश्रधातू हवा होता. त्यातल्या अणूंची नक्षी नेमकी असते, पण फरशीवरच्या नक्षीसारखी ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही. तिथले एक म्हातारे मिस्त्री तो मुशीत वितळवून ओतून द्यायचे आणि साताऱ्याच्या प्रयोगशाळेत पोलादी डब्यात मी त्याची अतिबारीक भुकटी दळायचो. एकदा एक्स-रेच्या आलेखात भलतंच टोक उमटलं, म्हणजे धातूत भेसळ होती. मी तडक भट्टीवर गेलो आणि त्यांच्या माणसांदेखत म्हणालो, "तुमची मूस घाण होती." "कोरी हुती, सायेब," एवढंच ते बोलले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी भट्टीला हळदकुंकू लागतं, विस्तव नाही; तरी त्यांनी नवी मूस ठेवून भट्टी पेटवली. तो तुकडा दळायला मी डबा उघडला, तर तळाशी पूर्वी दळलेल्या दुसऱ्याच धातूचा काळा थर होता. ॲसिटोनने डबा धुवायचा मीच विसरलो होतो. या खेपेला धुतला आणि आलेख स्वच्छ आला. मिस्त्रींनी फोनवर विचारलं, "मंजी चूक माजीच हुती, व्हय?" धुतलेला डबा समोर वाळत होता आणि मी "हो" म्हणालो. आता लेक विचारते, "बाबा, लय वास येतोय, खिडकी उघडू?" मी नको म्हणतो.