रविवारी फैसला

नुमान फणसोपकर जन्मजात संशयी होता की गोदामाने त्याला तसं केलं, हे त्याची बायको खदिजासुद्धा सांगू शकली नसती. बहरीनमधल्या सित्र्यात एका खासगी कंपनीच्या गोदामात तो स्टोअरकीपर होता. जहाजांचे सुटे भाग यायचे आणि जायचे. खोक्यावर 'पन्नास वॉशर' छापलेलं असलं तरी तो खोकं फोडून मोजायचा आणि एकोणपन्नास निघाले की त्याला जरा बरंच वाटायचं. सोळा वर्षांच्या नोकरीत न मोजता त्याने एकदाही सही केली नव्हती.

उम्म अल हस्सममध्ये कंपनीचा फ्लॅट होता. त्याच्या एका खोलीत तिघं राहत. दुसरा होता तुकाराम, देवरुखकडचा एसी मेकॅनिक. तिसरा उबेद, कंपनीचा ड्रायव्हर आणि खदिजाचा मामेभाऊ. नुमानच्याच शब्दावर तो तीन वर्षांपूर्वी इथे आला होता. स्वयंपाक बहुतेक तुकारामच करायचा, कारण बाकी दोघांच्या हातचा त्याला सोसवत नसे.

या खोलीत नुमानची एक विचित्र सवय होती. दर सोमवारी संध्याकाळी तो खिडकीशी रेडिओ घेऊन बसे, कानाला एकच इअरफोन लावे, आणि लंडनहून त्या आठवड्याची यादी ऐके: विलायतेत कुठलं गाणं किती खपलं, कोण वर चढलं, कोण घसरलं. वीस गाणी. ती तो वहीत उतरवून घेई. आकडा, मागच्या आठवड्याचा आकडा, वर किंवा खाली बाण. नावं पुरी लिहायला वेळ मिळत नसे, म्हणून नुसती अक्षरं. गाण्यांची आवड म्हणाल तर त्याने आयुष्यात एक कॅसेट विकत घेतली नव्हती. बहरीनला आला तेव्हा इंग्रजी कान तयार व्हावा म्हणून एका जुन्या कारकुनाने त्याला हा नाद लावला. इंग्रजी आलं, नाद राहिला. कुठलं गाणं सातव्यावरून तिसऱ्यावर आलं हे कळलं की त्याला चैन पडे. पण यादीवरही त्याचा पूर्ण भरवसा नव्हता. त्या वर्षी, म्हणजे १९९५ मध्ये, टीव्हीवरच्या दोन नटांनी गायलेलं एक जुनं गाणं सात आठवडे पहिल्या नंबरावरून हलेना, तेव्हा तो उबेदला म्हणाला होता, "नट कधीपासून गायला लागले? कोणीतरी खोकी भरून उचलतंय. मोजणाऱ्याला कोण मोजतंय?"

उबेदने मान हलवली होती. त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं.

त्या वर्षी सरकारविरुद्धच्या निदर्शनांमुळे बहरीनमध्ये वातावरण तंग होतं. रस्त्यांवर तपासणी वाढली होती. कंपनीनेही गेटवर नोटीस लावली: संशयास्पद काही दिसलं तर सिक्युरिटीला कळवा. नुमानने ती नोटीस दोनदा वाचली आणि त्याला ती पटली.

ऑगस्टमध्ये यादीत मोठी गोष्ट घडत होती. ब्लर आणि ओअ‍ॅसिस, एक लंडनचा बँड आणि एक मँचेस्टरचा, दोघांनी आपापलं नवं गाणं एकाच सोमवारी बाजारात आणलं. पहिला नंबर कोणाचा यावर तिकडे वर्तमानपत्रांत भांडणं लागली होती. नुमाननेही वहीत टिपून ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी तो बाजारातून परतला, तर उशीखाली वही नव्हती. त्याने गादी उलटली, ट्रंक उपसली. तुकाराम ओट्याशी मासे साफ करत होता. उबेद गाडी धुवायला खाली गेला होता.

"माझी वही कोणी घेतली?"

"मी कशाला घेऊ वही?" तुकाराम म्हणाला. "मला तुमचा अक्षरपण लागत नाय."

शनिवारी सकाळी ती वही नुमानला दिसली. कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर शिरीष देवस्थळी यांच्या टेबलावर होती. बाजूच्या खुर्चीत सिक्युरिटीचे कुरियनसाहेब बसले होते, फौजेतून निवृत्त झालेले. देवस्थळी मूळचे पुण्याचे, बोलायला मऊ. पण त्या दिवशी त्यांनीही 'बसा' म्हणायला वेळ लावला.

"फणसोपकर, हे तुमचंच ना?"

"होय साहेब."

देवस्थळींनी पान वळवून वाचलं, "'१४ ऑगस्ट. लं. आणि मँ. दोघे एकाच दिवशी. रविवारी फैसला.'" त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे काय?"

कुरियनसाहेबांनी हिंदीत विचारलं, "रविवार को क्या होनेवाला है?"

"गाना, साहब."

खोलीत कोणी हसलं नाही. नुमानने सगळं सांगितलं, लंडन, मँचेस्टर, वीस गाणी, बाण. सांगता सांगता त्यालाच आपलं बोलणं खोटं वाटायला लागलं. सेहेचाळीस वर्षांचा कोकणी माणूस, दोन मुलींचा बाप, दर सोमवारी विलायतेतल्या पोरांची गाणी लिहून घेतो! आपल्या गोदामात कोणी अशी वही घेऊन आला असता, तर आपणही सोडला नसता.

कुरियनसाहेबांनी त्याचा गेटपास काढून घेतला. "रविवार को काम पे नहीं आना."

तुरुंग, की विमानात बसवून घरी? नुमान दारापाशी पोहोचला तेव्हा देवस्थळी मागून म्हणाले, "ही यादी पुन्हा कधी लागते?"

"सोमवारी, साहेब. संध्याकाळी."

"मग सोमवारी माझ्या घरी या. कुरियन, तुम्हीही या. वही तुमच्याकडेच ठेवा."

रविवारी कंपनीच्या गेटवर दोन जादा माणसं उभी होती, असं उबेदने सांगितलं. काही झालं नाही. नुमान दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. तुकारामने ताट आणून ठेवलं, ते तसंच उचललं.

सोमवारी तो सलमानियात देवस्थळींच्या घरी गेला. कुरियनसाहेब आधीच आले होते. देवस्थळींची मुलगी सावनी, चौदा वर्षांची, पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली होती. तिची आई सुरेखा चहा ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. रेडिओ लागला. नुमानला कागद दिला, पेन दिलं. पहिले तीन आकडे त्याने असे गिरगटले की त्यालाच वाचता आले नाहीत. विसावं गाणं, एकोणिसावं, अठरावं. चौदाव्यापाशी अक्षर सरळ यायला लागलं. समोर कोण बसलंय हे तो विसरला.

तिसरा नंबर लागला तेव्हा सावनी उठून उभी राहिली. "अंकल, हू डू यू थिंक?"

"लंडनवाले," नुमान मान वर न करता म्हणाला.

दुसऱ्या नंबरावर मँचेस्टरचं नाव आलं आणि सावनीने उशी जमिनीवर आपटली. पहिला नंबर ब्लरचा होता. कुरियनसाहेबांनी नुमानच्या हातातला कागद घेतला आणि वहीतल्या पानांशेजारी धरला. तेच रकाने, तेच बाण.

"आज का तो जमा लिया होगा," ते म्हणाले. "पुराने पन्नों का क्या?"

सावनी आतून एक इंग्रजी मासिक घेऊन आली, जुलैचं. त्यात यादी छापलेली होती. कुरियनसाहेबांनी बोट ठेवून एकेक ओळ जुळवली. एक, दोन, तीन. सोळापर्यंत बरोबर. मग त्यांचं बोट थांबलं.

"यहाँ गलत है. सत्रह और अठारह उलटा है."

"दिखाइए," नुमान एकदम म्हणाला. मासिक त्याने जवळजवळ हिसकावलंच. पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "त्या दिवशी आवाज फार खरखरत होता. तरी चूक ती चूक. सोळा वर्षांत..."

कुरियनसाहेबांनी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून गेटपास काढला आणि वहीसकट टेबलावर ठेवला. "खलास," ते म्हणाले. "लेकिन कॉपी किसने लाके दी, वो मत पूछना. मैं नहीं बताऊँगा."

परतीच्या वाटेवर नुमानच्या डोक्यात एवढंच शेवटचं वाक्य होतं.

त्या खोलीत आपल्याखेरीज दोघंच होते. उबेद? तो तर नात्यातला, आपणच आणलेला. राहिला तुकाराम. मग एकेक गोष्ट आठवू लागली. जुलैत त्यानेच विचारलं होतं, "हे दर सोमवारी काय लिवता?" गुरुवारी दुपारी गेटपाशी तो कुरियनसाहेबांशी बोलताना दिसला होता. आणि 'तुमचा अक्षर लागत नाय' असं न विचारता कशाला सांगायचं?

नुमानने तुकारामच्या हातचं जेवण बंद केलं. तो बाहेर इराण्याकडची रोटी आणून खाऊ लागला. ट्रंकेला दुसरं कुलूप आलं. तुकाराम आत आला की रेडिओ बंद.

"नुमानभाय, माझा काय चुकला?" तुकारामने एकदा विचारलं.

"ते ज्याचं त्याला ठाऊक."

सप्टेंबरात नुमानच्या ध्यानात आलं की तुकाराम रोज संध्याकाळी डबा घेऊन कुठेतरी जातो. कुठे ते सांगत नाही. नुमानही विचारत नव्हता. पण वहीच्या मागच्या पानावर त्याने लिहायला सुरुवात केली. 'तु. ६.१० गेला. डबा. ८.०५ आला.' दुसऱ्या दिवशी पुन्हा. 'तु. ६.०५. डबा मोठा. कोणासाठी?' असं तीन आठवडे चाललं. पुढच्या पानांवर गाणी चढत-उतरत होती, मागच्या पानांवर तुकाराम जात-येत होता.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी नुमान नमाजहून आला, तर तुकाराम खाटेवर बसला होता. वही त्याच्या हातात उघडी होती.

"उशीखाली उघडीच पडली होती," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "'तु.' आणि 'डबा' एवढा लागला, म्हणून वाचला. आमच्या गावचा एक जण सलमानियाच्या हास्पिटलात हाय. पाय मोडलाय. त्याला तिकडचा जेवण जात नाय. त्याला डबा नेतो मी."

"मग सांगायचं होतंस."

"तुमी बोलत होता माझ्याशी? त्याच्यासाठीच एक तास आधी सुटायची परवानगी कुरियनसायबांकडं मागत होतो. तुमची वही गेली ना, त्याच्या आदल्या दिवशी गेटवर पयल्यांदा विचारला." त्याने वही मिटून खाटेवर ठेवली. "सायबांना तेव्हा ही हेराची वही वाटली होती ना, तशी आता झाली ती."

त्याच आठवड्यात अर्ज करून तो गुदैबियातल्या दुसऱ्या खोलीवर राहायला गेला. ओट्यावर मसाल्याच्या बरण्या रिकाम्या जागा सोडून गेल्या. तरी नुमान मनाशी म्हणाला, डब्याचं खरं असेल, पण वहीचं काय? चोर गोड बोलतोच.

नोव्हेंबरच्या अखेरीस उबेद सुट्टीवर गावी निघाला. नुमान त्याला विमानतळावर सोडायला गेला. सामान आत गेलं. उबेद मागे वळून आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"नुमानभाई, खदिजाआपाला तोंड दाखवायचंय मला. वही मी नेली होती."

नुमानने रिकामी ट्रॉली बाजूला सरकवली.

"त्या आठवड्यात रस्त्यावर माझी गाडी थांबवली होती. सगळं उपसून पाहिलं. मला वाटलं, खोलीची झडती झाली आणि ती वही सापडली तर तिघंही जाऊ. आपण होऊन दिली तर निदान... तुम्ही काय लिहिता ते मला कधी समजलंच नाही. विचारायची भीती वाटली."

"दोन महिने मी तुकारामवर संशय घेत होतो," नुमान म्हणाला. "तू बोलला नाहीस."

"रोज बोलणार होतो."

उबेद आत गेला. नुमान टॅक्सी न करता मुहर्रकच्या पुलापर्यंत चालत आला. त्याला उबेदचा राग येईना, हेच त्याला अवघड जात होतं. उबेद घाबरला होता. आपण कशाला घाबरलो होतो?

दुसऱ्या दिवशी तो गुदैबियात गेला. तुकारामने दार उघडलं, 'या' म्हणाला, चहा केला. नुमानने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "माझं चुकलं. परत ये खोलीवर."

तुकारामने कप विसळला. "त्या खोलीत मला झोप नाय लागायची आता," तो म्हणाला. "तुमी जागे असाल असा वाटत ऱ्हाईल." मग थोड्या वेळाने, "चहा घ्या आणखी."

तो परत आला नाही. गोदामात भेट झाली की दोघं बोलत, हवापाण्याचं. डिसेंबरच्या शेवटी वर्षाची यादी लागली. ते दोन नट वर्षभरात सगळ्यात वर निघाले. नुमानने ते लिहिलं आणि कोणाला सांगावं म्हणून खोलीत पाहिलं. मग देवस्थळींच्या घरी फोन करून सावनीला सांगितलं. तिला ते आधीच माहीत होतं, पण तिने ऐकून घेतलं.

सत्त्याण्णवमध्ये तुकाराम कायमचा गावी गेला. निघताना म्हणाला, "कधी देवरुखला आलात तर या." दोन वर्षांनी नुमानही नोकरी सोडून फणसोपला परतला. ते बोलावणं खरं होतं की निघताना म्हणायची रीत, हे त्याला ठरवता येईना. दोनदा तो रत्नागिरीच्या एसटी स्टँडपर्यंत गेला, देवरुखची गाडी लागलेली पाहिली आणि परत आला. तिसऱ्यांदा खदिजा त्याच्याबरोबर निघाली आणि त्याच्या आधी गाडीत चढून बसली.

घर विचारत विचारत सापडलं. तुकाराम घरी नव्हता, बागेत गेला होता. त्याची बायको हेमा बाहेर आली. दोघांकडे पाहिलं.

"फणसोपचे नुमानभाय का तुमी?" तिने विचारलं. नुमानने होय म्हटल्यावर तिने पोराला बापाला हाक मारायला पाठवलं आणि घोंगडी अंथरली. "बसा. हे दर मे महिन्यात म्हणतात, औंदा येतील म्हणून. जेवल्याबिगर नाय सोडायची मी."

खदिजा बसली. नुमान दारात उभा राहून बागेच्या वाटेकडे पाहू लागला.